कुस्ती पाहण्याचे पैसे कोण भरतो?

कुस्ती पाहण्यासाठी प्रेक्षकाने घरबसल्या दरमहा पैसे भरावेत, ही कल्पना अहिल्यानगर जिल्ह्यातील कुस्तीशौकिनांच्या परंपरेत कधीच नव्हती, आणि म्हणूनच 2025 या एकाच वर्षात घडलेल्या दोन गोष्टी येथे एकत्र तपासून पाहण्याजोग्या आहेत. त्यांपैकी पहिली म्हणजे, 1 एप्रिलपासून डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कंपनीच्या कुस्त्या भारतात केबलवरील क्रीडावाहिन्यांवरून हलल्या आणि नेटफ्लिक्सच्या वर्गणीदारांपुरत्या राहिल्या. दुसरी म्हणजे, जानेवारीच्या अखेरीस अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर आणि मार्चच्या अखेरीस कर्जत येथे अशा दोन ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा याच जिल्ह्यात झाल्या आणि ज्याच्या हातात मोबाइल होता त्या प्रत्येकाला त्या वेगळे शुल्क न भरता पाहता आल्या. एक कुस्ती ठरवून रंगवलेली आणि दुसरी खरोखर लढलेली, त्यामुळे त्यांची तुलना अनेक जुन्या वस्तादांना रुचणार नाही. परंतु पाहणाऱ्याच्या बाजूने विचार केला तर दोन्हींपुढचा प्रश्न एकच आहे, तो म्हणजे या पाहण्याचा खर्च नेमका कोण उचलतो आणि जो उचलतो त्याला त्या बदल्यात काय मिळते.

प्रक्षेपण हक्क म्हणजे एखाद्या खेळाची दृश्ये दूरवरच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचवण्याचा आणि इतर कोणालाही तसे करू न देण्याचा, करारान्वये विकत घेतलेला अधिकार होय. भारतात कॉपीराइट अधिनियम, 1957 मधील 37 वे कलम प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला तिच्या प्रक्षेपणावर 25 वर्षांचा स्वतंत्र हक्क देते, त्यामुळे परवानगीवाचून ते पुन्हा दाखवणे हा त्या हक्काचा भंग ठरतो. या हक्काची सारी किंमत त्याच्या एकमेवपणात असते. जे दृश्य दुसरीकडे सहज दिसते त्यासाठी कोणतीही वाहिनी मोठी रक्कम देत नाही, आणि जी रक्कम दिली जाते ती अखेरीस जाहिरातदाराकडून किंवा वर्गणीदाराकडून वसूल केली जाते.

डब्ल्यूडब्ल्यूईच्या भारतीय प्रेक्षकाला ही वसुली अनेक वर्षे जाणवलीच नाही. टेन स्पोर्ट्स ही वाहिनी केबलच्या ठरीव रकमेत घरात येत असे, पुढे सोनी समूहाने झी समूहाकडून टेनच्या वाहिन्या विकत घेतल्या तरी पडद्यावरचे चित्र तेच राहिले, आणि अमेरिकेत रात्री संपलेली लढत इथल्या मुलांना शाळेतून आल्यावर पुनःप्रक्षेपणात दिसत राहिली. दलीपसिंग राणा, म्हणजेच ‘द ग्रेट खली’, 2007 मध्ये जागतिक विजेता ठरल्यावर तर हा खेळ खेड्यापाड्यांतील घरांतही ओळखीचा झाला. फेब्रुवारी 2019 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने प्रत्येक वाहिनीची किंमत वेगळी छापण्याची पद्धत लागू केली. तीत केबलचे मूळ शुल्क करांखेरीज 130 रुपये होते आणि पॅकमध्ये घालायच्या वाहिनीची कमाल किंमत 19 रुपये होती. कुस्ती पाहण्याचेही काही तरी मोल पडते हे केबलच्या बिलावर त्या वेळी प्रथमच स्पष्ट दिसले. तरीही ही रक्कम घरातल्या मालिका, बातम्या आणि क्रिकेट यांत विरघळलेली असल्याने ती कोणाला खटकली नाही.

नेटफ्लिक्सवर गेल्यानंतर मात्र हे गणित उघडे पडले. डिसेंबर 2021 मध्ये कमी केलेल्या दरांनुसार तिथली 149 रुपयांची मासिक योजना केवळ मोबाइल किंवा टॅबवर चालते, घरातल्या टीव्हीवर पाहायचे असेल तर किमान 199 रुपयांची योजना घ्यावी लागते आणि त्याहून वरच्या योजना 499 व 649 रुपयांच्या आहेत. म्हणजे सर्वांत स्वस्त टीव्ही-योजनेचा वर्षाचा खर्च 2388 रुपये होतो, आणि त्यात इंटरनेटच्या जोडणीचा खर्च धरलेला नाही. जुलै 2023 पासून या कंपनीने एका घरापलीकडे पासवर्ड वाटून घेण्यावरही बंधन आणले असल्याने मित्रांनी मिळून एक खाते चालवण्याचा मार्गही अरुंद झाला आहे. न्यायाने सांगायचे तर या बदलाचे समाधान मानणारे प्रेक्षकही आहेत, कारण रॉ, स्मॅकडाउन, एनएक्सटी आणि मोठ्या वार्षिक लढती त्यांना आता एकाच ठिकाणी, हव्या त्या वेळी पाहता येतात. तक्रार आहे ती प्रामुख्याने ज्याच्या घरी केबल किंवा डिश आहे पण वायफाय नाही अशा प्रेक्षकाची, आणि ती केवळ रकमेची तक्रार नाही. भाऊ, शेजारी आणि आतेभाऊ यांच्यासह एका टीव्हीपुढे बसून पाहण्याची वस्तू एकट्याच्या हातातील मोबाइलमध्ये गेली, हे त्यामागचे खरे दुःख आहे.

अमेरिकेतील प्रेक्षकाचा अनुभव याच्या उलट दिशेने सुरू झाला होता. तिथे मोठ्या लढतीसाठी ‘पे-पर-व्ह्यू’, म्हणजे त्या एका कार्यक्रमापुरते स्वतंत्र पैसे भरण्याची पद्धत, पूर्वीपासून रूढ होती. 2014 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने स्वतःची वाहिनी महिना 9.99 डॉलरांत देऊ केली तेव्हा प्रेक्षकाचा खर्च एकदम उतरला, 2021 मध्ये त्या लढती पीकॉक या सेवेवर गेल्या आणि सप्टेंबर 2025 पासून पाच वर्षांच्या, सुमारे 1.6 अब्ज डॉलरांच्या करारान्वये ईएसपीएनकडे आल्या, जिथे महिन्याचे शुल्क 29.99 डॉलर ठेवले गेले. या वाढीवर तिथल्या चाहत्यांनी मोठी नाराजी व्यक्त केली. अहिल्यानगरच्या आणि अमेरिकेच्या प्रेक्षकांत इतकाच फरक की तिकडे किती मोजायचे हा वाद आहे, तर इकडे मुळात पाहणाऱ्याने मोजायचे का, हा आहे.

हा दुसरा प्रश्न कंजूषपणातून आलेला नाही, हे समजण्यासाठी या जिल्ह्यातील हगाम्याची आर्थिक घडण पाहावी लागते. ग्रामदैवताच्या यात्रेत रात्री छबिना निघतो, दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या हजेऱ्या होतात आणि दुपारी कुस्त्यांचा हगामा भरतो. त्याचा खर्च गावच्या वर्गणीतून होतो आणि पाहणाऱ्याला, तो गावचा असो की परगावचा, आत येण्यासाठी काहीही द्यावे लागत नाही. सुरुवातीला लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात, मग पंच मंडळी उंची, अंगलट आणि तालीम पाहून जोडी ठरवतात व इनामाची रक्कम पुकारतात. रक्कम कमी वाटली तर मल्ल हात वर करून मैदानाला फेरी मारतो, हलगीचा ठेका वाढतो, आणि गर्दीतला एखादा शेतकरी उठून स्वतःच्या खिशातले शंभर-दोनशे रुपये त्या इनामात घालतो. त्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून घेतले जाते आणि कुस्ती लागते. निकाल लागल्यावर ती रोकड मैदानातच विजयी मल्लाच्या हातात पडते आणि कुस्ती बरोबरीत सुटली तर दोघांत वाटून दिली जाते. येथे पैसे देणारा माणूस पाहण्याचे शुल्क भरत नसतो, तो मल्लाच्या खुराकाला हातभार लावत असतो, आणि ज्याच्याजवळ त्या दिवशी शंभर रुपये नाहीत तो त्याच्याच शेजारी बसून तीच कुस्ती तितक्याच हक्काने पाहतो. कुस्तीच्या आश्रयाची इतकी निकोप पद्धत महाराष्ट्राने दुसऱ्या फार थोड्या खेळांसाठी उभी केली आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी खाशाबा जाधव यांच्या प्रवासखर्चाला लोकांनी वर्गणी जमवली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले, तेही याच वृत्तीतून.

तिकीट लावून कुस्ती दाखवण्याची प्रथा महाराष्ट्रात नव्हतीच असे मात्र नाही. छत्रपती शाहू महाराजांनी उभारलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान किंवा मुंबईत दारासिंग आणि किंगकाँग यांच्या गाजलेल्या फ्रीस्टाइल लढती, ही त्याची ठळक उदाहरणे होत; पण ती मोठ्या शहरांची आणि ठरावीक दिवसांची गोष्ट राहिली.

फुकट दिसणाऱ्या कुस्तीचीही किंमत असते आणि ती कधी कधी मल्लालाच मोजावी लागते, हे वाडिया पार्कवर 2 फेब्रुवारी 2025 रोजी दिसून आले. ‘महाराष्ट्र केसरी’ किताबासाठी गादी विभाग, म्हणजे मॅटवरील लढती, आणि माती विभाग, म्हणजे पारंपरिक आखाड्यातील लढती, यांचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांना चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले नव्हते, असे राक्षे यांचे म्हणणे होते आणि व्हिडिओ पुन्हा पाहण्याची त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही, वाद वाढला आणि राक्षे यांनी पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत माती विभागाचे विजेते महेंद्र गायकवाड यांनीही निर्णयावर आक्षेप घेऊन मैदान सोडले, मोहोळ विजयी ठरले, आणि राक्षे व गायकवाड यांच्यावर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई जाहीर झाली. पंचांवर हात किंवा पाय उगारण्याचे समर्थन होऊच शकत नाही.

पण त्या रात्रीपासून महाराष्ट्रभर जे झाले ते प्रक्षेपणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. त्या काही क्षणांची चित्रफीत लाखोंच्या मोबाइलवर गेली, लोकांनी ती थांबवून, मोठी करून, डावा खांदा टेकला की उजवा याची चर्चा पारावर, तालमीत आणि एसटीच्या थांब्यावर केली. ज्याने कधी लंगोट बांधला नाही त्यानेही निकाल देऊन टाकला. चितपट ठरवण्यासाठी मल्लाचे खांदे मॅटच्या पातळीवरून, जवळून आणि दोन बाजूंनी पाहावे लागतात, तर मोबाइलची किंवा उंच व्यासपीठावरील कॅमेऱ्याची दृश्ये वरून आणि एकाच कोनातून घेतलेली असतात, त्यामुळे मल्लाची पाठ किंवा पंचांचे शरीर नेमके आड येते. आंतरराष्ट्रीय नियमांत प्रशिक्षकाला गुणांवर ‘चॅलेंज’, म्हणजे चित्रीकरण पाहून फेरविचाराची मागणी, करता येते आणि ती फेटाळली गेल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. ही सोय नीट चालायची तर प्रत्येक मॅटभोवती चांगले कॅमेरे, ते हाताळणारी माणसे आणि दृश्य तत्काळ मागे नेणारी यंत्रणा लागते. ज्या खेळांत प्रक्षेपण हक्क विकले जातात तिथे हा खर्च वाहिनी करते. गावच्या वर्गणीवर किंवा एखाद्या आमदाराच्या पुढाकारावर उभ्या राहिलेल्या स्पर्धेत चांदीची गदा असते, विजेत्याला चारचाकी असते, हजारो लोकांची बैठक असते; खांद्याच्या उंचीवरचा कॅमेरा मात्र तितक्याच अगत्याने लावला जात नाही, कारण बक्षीस देणाऱ्याचे नाव गदेमुळे होते, कॅमेऱ्यामुळे नाही.

वाहिन्यांनी कुस्तीत पैसे घालण्याचे प्रयत्नही झाले आहेत. 2015 मध्ये सुरू झालेली प्रो रेसलिंग लीग सोनीच्या वाहिन्यांवर दिसली आणि 2019 नंतर अनेक वर्षे थांबली. 2018 मध्ये झी टॉकीजने ‘झी महाराष्ट्र कुस्ती दंगल’ भरवली, तीत सहा संघ होते आणि त्यांच्या मालकांत नागराज मंजुळे, सई ताम्हणकर, स्वप्नील जोशी असे चित्रपटसृष्टीतील लोक होते. तालमीतल्या मुलांना मराठी वाहिनीवर आपल्या ओळखीचे मल्ल दिवाळीत रोज संध्याकाळी दिसणे ही मोठी गोष्ट होती, पण ती परंपरा बनली नाही.

सरकारी मार्ग आहे, परंतु तो अर्धाच बांधलेला आहे. प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितले, आणि 2007 च्या अधिनियमाने राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या क्रीडास्पर्धांची दृश्ये खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले. ऑलिम्पिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धांतील कुस्ती त्यामुळे दूरदर्शनवर विनाशुल्क येऊ शकते. राज्य पातळीवरच्या कुस्तीला हे संरक्षण नाही; आणि त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही, कारण डीडी सह्याद्री ही मराठी वाहिनी आहे, महिन्याचे शुल्क नसलेली डीडी फ्री डिश आहे आणि ज्या घरात वायफाय नाही त्या घरात ती पोहोचते. आयोजकांनी मॅटजवळच्या कॅमेऱ्यांचा खर्च बक्षिसाइतकाच आवश्यक मानला आणि तीच दृश्ये पंचांना, दूरदर्शनला व यूट्यूबला एकाच वेळी दिली, तर कोणत्याही शौकिनाला एक रुपयाही न मोजता मल्लाला न्याय मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढेल.

यातील अडचण पैशापेक्षा हक्काच्या मालकीची आहे. वाडिया पार्कवर मोहोळ यांनी किताब जिंकल्यानंतर दोन महिन्यांच्या आत कर्जत येथे महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेच्या नावाने भरलेल्या स्पर्धेत वेताळ शेळके हेही ‘महाराष्ट्र केसरी’ झाले, आणि दोन्ही स्पर्धा भरवणाऱ्या वेगवेगळ्या संघटना हा किताब आपलाच असल्याचे सांगतात. दूरदर्शन असो वा खासगी वाहिनी, करारावर सही करताना ती सर्वप्रथम विचारते ते हेच, की समोरचा जे विकतो आहे ते देण्याचा अधिकार त्याच्या एकट्याचा आहे का. आणि 1961 पासून चालत आलेल्या या किताबाच्या बाबतीत त्याचे एकमुखी उत्तर देणारा आज कोणी नाही.