‘आई, लॅग होतंय!’

परदेशात वाढणारी मुलं ज्या घरात आहेत, तिथे हे वाक्य आता ‘भूक लागली’च्या खालोखाल ऐकू येतं. खेळ मध्येच थबकतो, पडद्यावरचा माणूस एका जागेवरून गायब होऊन दुसरीकडे उगवतो, हेडसेटमधला आवाज तुटतो आणि मग सगळंच बंद पडतं. आपण स्वयंपाकघरातून ओरडतो, ‘पुरे आता, बाहेर जा जरा!’ पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण कधी कधी त्या हेडसेटच्या दुसऱ्या टोकाला पुण्याचा, नागपूरचा किंवा सांगलीचा भाऊ असतो. तेव्हा गोष्ट वेगळी होते.

आमचा मुलगा दहा वर्षांचा आहे. शनिवारच्या मराठी वर्गात तो ‘हो’, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ एवढ्यावर तास काढतो. रविवारी सकाळी मात्र पुण्यातल्या मावसभावाबरोबर माइनक्राफ्टमध्ये किल्ला बांधताना त्याचं तोंड दीड तास थांबत नाही. ‘दादा, बुरूज अजून उंच कर ना’, ‘दगड संपले, मी खणून आणतो’, ‘थांब, मागून झॉम्बी आलाय!’ इथे इंग्लंडमध्ये ऑक्टोबरात अंगणातला चिखल हाताने कालवून किल्ला करायची सोय नाही. पण महादरवाजा म्हणजे काय आणि तो वळणाच्या आड का लपवायचा, हे त्याला भावाने या खेळातच शिकवलं. कनेक्शन तुटलं की हे सगळं तुटतं. सलग तीन-चार रविवार तुटलं, तर मुलं रागावत नाहीत, कंटाळतात. भाऊ मित्रांकडे जातो आणि आपला मुलगा शाळेतल्या पोरांबरोबर इंग्रजीत खेळू लागतो. म्हणून हे दुखणं घरच्या मोठ्यांनी हातात घेण्यासारखं आहे.

मी पूर्वी नाशिकला माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत असे. संगणकाची पदवी माझ्याकडे नाही आणि या कामाला ती लागतही नाही. निरीक्षण करा, वहीत नोंद करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आठवी-नववीच्या वर्गाला सांगायचे तेच नियम इथेही पुरतात.

वेग वेगळा, वेळ वेगळा

मुलगा ‘लॅग’ म्हणाला की बहुतेक घरांत पहिला विचार येतो तो मोठा प्लॅन घेण्याचा. पण ब्रॉडबँडचा वेग म्हणजे रस्त्याची रुंदी. ८० एमबीपीएसचा रस्ता १५० चा केला, तर सिनेमा आणि नव्या खेळाचं डाउनलोड लवकर होईल. प्रत्यक्ष खेळताना मात्र फारच थोडा डेटा जातो-येतो. खेळाला रुंद रस्ता नको असतो. निरोप लवकर आणि नियमित पोचायला हवा असतो.

त्याची तीन मापं आहेत. निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो मिलिसेकंदांत मोजतात. एका सेकंदात १,००० मिलिसेकंद. पिंगमधली अनियमितता म्हणजे जिटर. आणि वाटेतच हरवलेले निरोप म्हणजे पॅकेट लॉस. घरच्या दुधवाल्याचं उदाहरण घ्या. तो रोज साडेसातला येत असेल, तर उशिरा का होईना, आपण चहा त्या वेळेला ठेवतो. एक दिवस सहाला आणि दुसऱ्या दिवशी नऊला येऊ लागला, तर चहाचं गणित कोलमडतं. हा झाला जिटर. आलाच नाही, तो पॅकेट लॉस. खेळसुद्धा थोड्या उशिराला जुळवून घेतो; अनियमितपणाला नाही.

आधी घर, मग रस्ता, मग समुद्र

कन्सोलपासून खेळाच्या सर्व्हरपर्यंत तीन टप्पे असतात. पहिला खोलीतून राउटरपर्यंत, दुसरा राउटरपासून ब्रॉडबँड कंपनीपर्यंत आणि तिसरा तिथून पुढे. दोष कोणत्या टप्प्यात आहे ते कळलं की अर्धं काम झालं.

लॅपटॉप कन्सोलच्या शेजारी ठेवा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट, मॅकवर टर्मिनल उघडा. तिथे इंग्रजीत ‘पिंग’ लिहून पुढे राउटरचा पत्ता द्या. तो राउटरच्या लेबलवर छापलेला असतो. आकडे एक-दोन मिलिसेकंदांचे आणि स्थिर असतील, तर पहिला टप्पा ठीक आहे. मग त्याच पद्धतीने बाहेरचा एखादा पत्ता द्या. मी चार एके, मध्ये टिंबं देऊन वापरते: १.१.१.१ (आकडे अर्थात इंग्रजीत). राउटरपर्यंत स्थिर आणि बाहेर अस्थिर असेल, तर दोष पुढे आहे. राउटरपर्यंतच आकडे उड्या मारत असतील, तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. दोष घरात आहे.

आमच्या लॉफ्टमधल्या खोलीतून वाय-फायवर राउटरपर्यंतचा आकडा ४ पासून १८० पर्यंत नाचत होता. केबलवर तोच १ वर बसला. वहीतल्या या दोन ओळींनी निम्मा प्रश्न सोडवला.

विटांच्या भिंती

इथली जुनी घरं पक्क्या विटांची असतात. फोनचा सॉकेट पुढच्या दाराशी, म्हणून राउटरही तिथेच. आणि मुलाची खोली दोन मजले वर, मागच्या बाजूला. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती बरा पार करतो, पण तो गर्दीचा असतो. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, अगदी मायक्रोवेव्हसुद्धा त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान आहे, पण दोन भिंतींत दमतो. या पट्ट्यातले काही चॅनल रडारही वापरतात आणि रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनल सोडावा लागतो. विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी अधूनमधून मिनिटभर वाय-फाय जात असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये ३६ ते ४८ मधला चॅनल निवडून पाहावा. जुना, २०१३ चा प्लेस्टेशन ४ फक्त २.४ वरच चालतो, हेही लक्षात ठेवा.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे लॅन केबल. जिन्याच्या गालिच्याच्या कडेने चपटी केबल सहज लपते. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सला तिची जागा असतेच. निन्टेन्डो स्विचच्या ओएलईडी मॉडेलच्या डॉकला आहे; पहिल्या मॉडेलला यूएसबी अडॅप्टर लागतो. केबल टाकणं शक्यच नसेल, तर विजेच्या वायरिंगमधून डेटा नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर मिळतात. ते एक्स्टेन्शन बोर्डवर नव्हे, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचे. जुन्या वायरिंगवर त्यांचा भरवसा कमी, म्हणून परत करता येतील अशा ठिकाणाहूनच घ्या.

आपलेच फोटो आड येतात

केबल टाकल्यावरही आमच्याकडे रविवारी दहाच्या सुमारास पिंग अचानक ३०० च्या वर जात होता. वहीत वेळा लिहिल्या, तेव्हा मेळ बसला. शनिवारी मंडळाचा कार्यक्रम असला की रविवारी सकाळी घरातले दोन्ही फोन आदल्या दिवसाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवत असत. आमचा डाउनलोडचा वेग ६० एमबीपीएस आहे, पण अपलोडचा फक्त १२. एक जीबीचा व्हिडिओ चढवायला त्या वेगाने अकरा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ खेळाचे चिमुकले निरोप त्याच्यामागे रांगेत उभे राहतात.

उपाय फुकटचा आहे. फोनचा बॅकअप रात्रीवर टाका. घराबाहेरचा कॅमेरा सतत रेकॉर्डिंग चढवत असेल, तर त्याची गुणवत्ता एक पायरी खाली आणा. कन्सोलला स्वतःचे अपडेट रात्री घेऊ द्या. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ किंवा प्राधान्य देण्याची सोय असेल, तर कन्सोलचं नाव तिथे वर घाला.

नॅटचा दरवाजा

कधी पिंग उत्तम असतो, तरी भाऊ दिसत नाही किंवा दिसतो पण ऐकू येत नाही. अशा वेळी कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये चाचणी करून ‘नॅट’चा प्रकार पाहा. एक्सबॉक्स ‘ओपन’, ‘मॉडरेट’, ‘स्ट्रिक्ट’ म्हणतो. प्लेस्टेशन १, २, ३ असे आकडे देतो. घरच्या राउटरमागे २ असणं चांगलं. निन्टेन्डो अक्षरं देतो. ए किंवा बी असेल तर चिंता नको.

नॅट म्हणजे सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन. आतून कोणी कोणाला बोलावलं, हे त्याला ठाऊक असेल तरच तो बाहेरच्याला आत सोडतो. दोन्ही सोसायट्यांचे वॉचमन कडक असले की दोन भावांची गाठ पडत नाही. राउटरमधली ‘यूपीएनपी’ ही सोय चालू केली की कन्सोल स्वतःच आपला निरोप फाटकावर देऊन ठेवतो. घरात कंपनीचा राउटर आणि त्यापुढे आपण घेतलेला दुसरा राउटर असेल, तर दोन वॉचमन होतात. अशा वेळी दुसऱ्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ किंवा ‘ब्रिज’ मोडमध्ये ठेवा.

तिसरी शक्यता म्हणजे सीजीनॅट. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सुमारे ४३० कोटीच आहेत. ते पुरत नाहीत, म्हणून काही कंपन्या आणि बहुतेक मोबाइल नेटवर्क अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात. इथे घरची सेटिंग बदलून काही होत नाही. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागतो. कधी त्याचे थोडे पैसे पडतात.

माइनक्राफ्टमध्ये एक सोपा बदल करून पाहा. ज्याने खेळाचं ‘जग’ उघडलं, त्याच्या घरचं कनेक्शन सगळ्यांचा भार उचलतं. म्हणून ज्या घराचा अपलोड चांगला, त्या घराने जग उघडावं. आणि हे सगळं करण्याआधी मुलाच्या खात्याच्या परवानग्या बघा. लहान मुलांच्या खात्यात दुसऱ्यांबरोबर ऑनलाइन खेळायची मुभा आई-वडिलांनी द्यावी लागते. ती नसली की पडद्यावर येणारा संदेश कनेक्शनच्या दोषासारखाच वाटतो.

कंपनीला फोन करताना

मंडळातल्या एका मैत्रिणीकडे पाऊस पडला की लाइन तुटायची आणि फोनवर खरखर यायची. कंपनी तिला दर वेळी राउटर बंद-चालू करायला सांगे, नाहीतर मोठा प्लॅन सुचवी. तिने तीन आठवडे तारीख, वेळ, हवामान आणि केबलवर घेतलेले पिंगचे आकडे लिहून ठेवले. ती यादी वाचून दाखवल्यावर इंजिनियर आला. बाहेरच्या तांब्याच्या जोडात पाणी शिरत होतं. तो जोड बदलला आणि प्रश्न संपला.

इथल्या वाचकांनी दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. ऑफकॉमच्या वेगविषयक आचारसंहितेत सामील कंपन्यांना करार करताना किमान वेगाची हमी द्यावी लागते. वेग त्याखाली गेला आणि ३० दिवसांत सुधारला नाही, तर दंड न भरता करार सोडता येतो. ही हमी वेगाची आहे, पिंगची नाही. आणि सेवा पूर्ण बंद पडून कामाचे दोन पूर्ण दिवस उलटले, तर भरपाई योजनेतल्या कंपन्यांनी आपण न मागता पैसे द्यायचे असतात.

समुद्राखालचा रस्ता

एवढं करूनही एक अंतर उरतं आणि ते कोणी मिटवू शकत नाही. लंडन ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन किमान ७२ मिलिसेकंद, तेही केबल सरळ असती तर. ती भूमध्य समुद्र, इजिप्त आणि तांबडा समुद्र असा वळसा घेते, म्हणून शंभराच्या पुढचा पिंग हा दोष नाही, भूगोल आहे.

ही वाट जुनी आहे. १८७० साली कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नोच्या किनाऱ्यावर तारायंत्राची केबल उतरली आणि जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडन असा मार्ग जोडला जाऊन ब्रिटन आणि मुंबई यांच्यात तारा जाऊ लागल्या. तिथे आज संग्रहालय आहे; मुलांना जरूर दाखवा. आजच्या केबलही पुष्कळशा याच वाटेने जातात आणि त्या तुटतातही. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात तुटल्या होत्या. एखाद्या आठवड्यात भारताशी सगळंच संथ झालं, तर राउटर उघडून बसण्याआधी बातम्या पाहा.

अंतर कापता येत नाही, पण वाटून घेता येतं. फोर्टनाइटसारख्या खेळात सर्व्हरचा प्रदेश निवडता येतो. मध्यपूर्वेचा निवडला, तर कोणा एकावर सगळा उशीर पडत नाही. आणि खेळ अंतराला साजेसा असावा. फुटबॉल, मोटारींची शर्यत यांना १५० चा पिंग जड जातो. किल्ले बांधणं, शेती करणं, लुडो किंवा बुद्धिबळ यांना तो जाणवतही नाही.

भारतातल्या आजी-आजोबांनी आणि मामा-मावश्यांनी त्यांच्या बाजूने दोन गोष्टी कराव्यात. घरात इन्व्हर्टर असेल, तर राउटरही त्यावर जोडून घ्यावा, म्हणजे वीज गेली तरी खेळ चालू राहील. आणि मुलाला फोनवर खेळायचं असेल, तर मोबाइल डेटाऐवजी घरच्या वाय-फायवर, राउटरच्याच खोलीत बसवावं.

आणखी एक. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आमची घड्याळं एक तास मागे जातात. इथले सकाळचे दहा म्हणजे तोवर तिकडचे अडीच, त्यानंतर साडेतीन. दिवाळीच्या आसपास येणाऱ्या या बदलाची खूण दोन्ही घरांच्या कॅलेंडरवर आधीच करून ठेवा. नाहीतर सगळी यंत्रणा नीट चालू असूनही एका रविवारी तिकडचा दादा तासभर वाट पाहतो आणि कंटाळून उठून जातो.