द्राक्षें घेतांना व धुतांना

द्राक्षांचा घड ताटलींत ठेवला कीं त्याच्या मण्यांवर पिठासारखी एक पांढरट छटा दिसते, आणि नेमका त्याच वेळीं घरांत मतभेद सुरू होतो. घरांतील वडील माणूस म्हणतें, "ही फवाऱ्याची भुकटी, कढत पाण्यानें खसखसून धुवा." मुलें तोंवर चार मणी तोंडांत टाकून मोकळीं झालेलीं असतात. वडील माणसाची काळजी रास्त आहे; फक्त तिचा रोख चुकला आहे. ती छटा विष नव्हे. ज्याची खरोखर काळजी करावी, तें डोळ्यांना दिसत नाहीं.

ही छटा म्हणजे द्राक्षानें स्वतःच्या सालीवर धरलेलें मेण. मण्यांतील पाणी उन्हानें उडून जाऊं नये यासाठीं निसर्गानें केलेली ती तजवीज आहे. हें मेण आपलें काम किती चोख करतें, याचा पुरावा तासगांवकडील बेदाणा करणाऱ्यांपाशीं मिळतो. घड नुसते वाळत घातले तर मेणामुळें पाणी लवकर बाहेर पडत नाहीं आणि दिवसांमागून दिवस जातात. म्हणून ते घड आधीं पोटॅशियम कार्बोनेट व एक विशिष्ट तेल मिसळलेल्या पाण्यांत बुडवितात. त्यानें मेणाचा थर सैल होतो, आणि सावलीच्या शेडमध्यें सुमारें पंधरवड्यांत बेदाणा तयार होतो. तेव्हां घडावर ही पांढरी छटा अखंड असणें म्हणजे घड फारसा हाताळला गेलेला नाहीं याची खूण होय. जो घड हातगाडीवर आरशासारखा चमकतो, तो दहा हातांतून फिरला असें समजण्यास हरकत नाहीं.

देठाच्या बेचक्यांत कधीं निळसर डाग दिसतात, ते मात्र फवाऱ्याचे असूं शकतात. मोरचूद व चुना यांच्या बोर्डो मिश्रणाचे ते अवशेष. या मिश्रणाचा जन्म मोठा मौजेचा आहे. फ्रान्सांतील बोर्डोजवळच्या मेदोक प्रांतांत, रस्त्यालगतच्या वेलींवरील द्राक्षें वाटसरूंनीं तोडून खाऊं नयेत म्हणून बागाईतदार त्यांवर हें निळें पाणी शिंपडीत. १८८२ सालीं मिलार्दे नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानांत आलें कीं, सगळी बाग केवडा रोगानें झडली तरी रस्त्यालगतच्या या वेली हिरव्या आहेत. १८८५ सालीं त्यानें आपला शोध प्रसिद्ध केला. खाणाराला किळस यावी म्हणून शिंपडलेलें पाणी अशा रीतीनें वेलीचें औषध ठरलें! हे डाग पाण्यानें व बोटानें निघतात.

श्रोत्यांपैकीं ज्यांचे आप्त नाशिक किंवा सांगली भागांत असतील त्यांना ठाऊक असेल कीं, द्राक्षबागेची छाटणी वर्षांतून दोन वेळां होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. दुसऱ्या छाटणीनंतर अवकाळी पाऊस किंवा दाट धुकें पडलें, कीं केवडा, भुरी व करपा हे तिन्ही रोग टपलेलेच असतात, आणि शेतकऱ्याच्या हातांतून फवाऱ्याचा पंप सुटत नाहीं. बागलाणांत कांहीं बागा भर पावसाळ्यांत छाटून त्यांचा माल लवकर बाजारांत आणतात; अशा बागांना फवारे अधिक लागावेत हें ओघानेंच आलें. हौसेनें पहिल्या महाग द्राक्षांवर तुटून पडणाऱ्या गृहस्थानें थोडा धीर धरून फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत थांबावें. फळही गोड मिळेल. टपोऱ्या मण्यांचा हट्टही थोडा आवरलेला बरा. तो टपोरेपणा आणण्यासाठीं घड जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यांत बुडवावे लागतात, आणि तो खटाटोप शेतकरी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठींच करतो.

फवारलेलीं सर्व औषधें सालीवर बसून राहत नाहींत. कांहीं वेलीच्या रसांत भिनतात. २०१० सालीं नाशिकच्या बागाईतदारांना हें सत्य फार महागांत कळलें. युरोपांत गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या द्रव्याचा अंश तेथील मर्यादेहून, म्हणजे १ किलोमागें ०.०५ मिलिग्रॅमहून, अधिक आढळला. माल अडकून पडला आणि वर्षाच्या कष्टाचें पाणी झालें. हें द्रव्य कीड मारणारें नव्हे. खरड छाटणीनंतर वेलीची नुसती पालेदार वाढ आवरून तिला फळाकडे वळवावें, म्हणून तें दिलें जाई. त्या वेळीं मणी जन्मालाही आलेला नसे. तरी वेलींत राहिलेला अंश पुढें फळांत उतरला. असा अंश कोणत्याही पाण्यानें धुतला जाणारा नव्हे. त्याचा बंदोबस्त बागेंतच व्हावा लागतो. निर्यातीच्या बागांची नोंद व नमुन्यांची तपासणी होत आली आहे. देशांतील गिऱ्हाइकाच्या पेटीमागें मात्र अशी तपासणी होत नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे. प्रत्येक औषधाच्या शेवटच्या फवाऱ्यापासून तोडणीपर्यंत ठराविक दिवस जाऊं द्यावे लागतात. माहितीचा बागाईतदार असेल तर त्याला हे दिवस विचारण्यांत संकोच बाळगूं नये. चांगला शेतकरी रागावत नाहीं. उलट फवाऱ्याची वहीच पुढें करतो.

जें सालीवर आहे त्याला मात्र साधें पाणी पुष्कळसें पुरतें. अमेरिकेंतील कनेक्टिकटच्या कृषि-प्रयोगशाळेनें २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, नळाच्या पाण्याखालीं धुतल्यानें १२ पैकीं ९ औषधांचे अंश घटले. मौज अशी कीं, पाण्यांत विरघळणारें औषधच अधिक निघालें असें झालें नाहीं. काम पाण्याच्या ओघाचें व चोळण्याचें. फळें धुण्यासाठीं म्हणून विकले जाणारे चार द्रवही तेथें तपासले गेले, ते साध्या पाण्याहून सरस ठरले नाहींत. म्हणून घड नुसता भांड्यांत बुचकळून काढूं नये. कात्रीनें त्याचे लहान झुबके करावे, चाळणींत घ्यावे, आणि वाहत्या गार पाण्याखालीं अर्धा मिनिट तरी बोटांनीं हलके चोळावे. कढत पाण्यानें साल फुटते. साबण तर सर्वस्वीं वर्ज्य. पोटॅशियम परमँगनेटचें जांभळें पाणी पटकीच्या भीतीनें घरांत आलें. तें जंतूंसाठीं होतें, त्याचा येथें भरंवसा धरूं नये.

खाण्याच्या सोड्याची गोष्ट थोडी निराळी. २०१७ सालीं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांत सफरचंदांवर प्रयोग झाला. १ लिटर पाण्यांत १० ग्रॅम, म्हणजे सुमारें दोन चमचे, सोडा घालून त्यांत फळें १२ ते १५ मिनिटें ठेवल्यावर सालीवरील दोन औषधांचे अंश निघून गेले. मात्र त्यांपैकीं थायाबेंडाझोल या औषधाचा सुमारें पांचवा हिस्सा एका दिवसांत सालीच्या आंत शिरला होता. तेथें सोड्याचें कांहीं चाललें नाहीं. द्राक्षांसाठीं हा उपाय करावयाचा तर नंतर तीं स्वच्छ पाण्यानें पुन्हां धुवावीं, नाहीं तर तोंडाला सोड्याची चव राहते.

निर्यातीच्या धर्तीची बंद पेटी उघडतांच कधीं पेटलेल्या काडीसारखा उग्र वास येतो. बुरशी धरूं नये म्हणून पेटींत गंधकाचा वायु सोडणारा कागद ठेवलेला असतो, त्याचा तो वास. कागद काढून टाकावा आणि पेटी कांहीं वेळ वाऱ्यावर उघडी ठेवावी. घरांत कोणाला दम्याचा विकार असेल तर त्यानें पेटीपासून दूर असावें. मण्यांच्या देठाशीं फिक्कट चट्टे पडले असतील तर ते मणी काढून टाकावे. घेतांना देठ हिरवा आहे ना एवढें पाहावें, आणि घड हळूच हलवावा. मणी गळूं लागले तर माल शिळा. घरीं आणल्यावर खावयाचीं तेवढींच द्राक्षें धुवावीं. उरलेलीं न धुतां, त्यांच्या त्या पांढऱ्या छटेसकट, शीतकपाटांत ठेवावीं.