न पाहिलेल्या राजांचा जिल्हा

इंग्लंडच्या राजघराण्याबद्दल मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा दोन वाटांनी जाते. एक वाट राजवाड्याच्या आतली: आठव्या हेन्रीच्या सहा राण्या, तिसऱ्या जॉर्जचे वेड, एका घटस्फोटितेसाठी आठव्या एडवर्डने सोडलेले सिंहासन. दुसरी वाट संसदेच्या बाजूची: राजा म्हणजे नुसता सहीचा धनी, खरे राज्य पंतप्रधानाचे आणि हिंदुस्थानात व्हाइसरॉयचे, तेव्हा राजाचा वेगळा विचार करायचे कारणच काय? पहिली वाट करमणूक करते आणि दुसरी शहाणपणाची वाटते. पण ज्या रयतेवर या राजांच्या नावाने राज्य झाले तिच्या लेखी राजा म्हणजे कोण होता, हा प्रश्न दोन्हींकडे सुटतो. तो विचारायला नगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, सोयीचा आहे. इंग्रजी अमलात या जिल्ह्याच्या वाट्याला लढाई, बंड, दंगा, दुष्काळ, राजद्रोहाचा खटला आणि तुरुंग असे सगळेच आले, आणि दर वेळी कुठल्या ना कुठल्या राजाचे नाव मध्ये आले. माझे म्हणणे असे की राजांनी नगरसाठी जवळपास काहीच केले नाही, तरी त्यांचे नाव वगळून इथला इतिहास सांगता येत नाही. हे नाव अधिकाऱ्यांनी वापरले तसे रयतेनेही वापरले, आणि राजा जितका लांब राहिला तितके ते रयतेच्या जास्त कामी आले.

नगरला आधी राजे होते ते डोळ्यांसमोरचे. अहमद निजामशहाने 1490 मध्ये इथेच लढाई मारली आणि पुढे इथेच शहर वसवले. हुसेन निजामशहाने किल्ल्याला दगडी तट दिला. 1595-96 च्या वेढ्यात चांदबिबी स्वतः त्या तटावर उभी राहिली. 1600 मध्ये किल्ला मोगलांच्या हाती गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी पहिल्या एलिझाबेथने लंडनच्या व्यापाऱ्यांना ईस्ट इंडिया कंपनीची सनद दिली. 1707 मध्ये औरंगजेबाने भिंगारच्या छावणीत प्राण सोडला, तर त्याच वर्षी ॲन राणीच्या अमलात इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे एक राज्य झाले. अशा जुळण्या गमतीच्या असतात, त्यांतून सिद्ध काही होत नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की राजा इथे राहतो, इथे लढतो, इथे मरतो, ही नगरची सवय होती. जिल्ह्याला आज ज्यांचे नाव आहे त्या अहिल्याबाई होळकर 1725 साली याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. त्या 1795 पर्यंत महेश्वरहून कारभार पाहत होत्या, म्हणजे तिसऱ्या जॉर्जच्या समकालीनच. पण रोज दरबारात बसून स्वतः फिर्याद ऐकणारी राणी आणि समुद्रापलीकडचा राजा, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

समुद्रापलीकडच्या राजाचा अंमल नगरला आला तो ऑगस्ट 1803 मध्ये. आर्थर वेलस्लीच्या फौजेने 8 तारखेला शिड्या लावून पेठ घेतली आणि 12 तारखेला शिंद्यांच्या ताब्यातला किल्ला शरण आला. याच वेलस्लीला पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून युरोपात नाव मिळाले. 1817 च्या तहाने पेशव्याने किल्ला कंपनीला तोडून दिला, 1818 मध्ये पेशवाई संपली आणि नगरचा कलेक्टरी जिल्हा उभा राहिला. त्या वर्षी इंग्लंडचा राजा कोण? तिसरा जॉर्ज. पण 1811 पासून कारभार त्याच्या मुलाकडे होता आणि म्हातारा राजा आंधळा व भ्रमिष्ट होऊन विंडसरच्या वाड्यात पडून होता. 1820 च्या जानेवारीत तो गेला. ज्याच्या राज्यात हा जिल्हा जन्मला त्याला असा जिल्हा आहे याचा पत्ताही नव्हता. इकडे रयतेलाही त्या राजाचा पत्ता नव्हता, कारण कंपनीचे रुपये तेव्हाही दिल्लीच्या शाह आलम बादशहाच्या नावाने पडत होते. इंग्लंडच्या राजाचा मुखवटा सगळीकडे चालणाऱ्या रुपयावर आला तो 1835 मध्ये, चौथ्या विल्यमचा. तो राजा दोन वर्षांत वारला आणि रयतेच्या हातात पडला तो राणीछाप रुपया.

राणीचे नाव खेड्यात पोचण्याची पहिली मोठी खूण म्हणजे 1 नोव्हेंबर 1858 चा जाहीरनामा. कंपनी गेली, राणीचे राज्य आले, धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असे सांगितले गेले. सगळ्यांनी ते ऐकले असे मात्र नाही. नगरच्या पोलिसात नोकरी केलेला भागोजी नाईक भिल्लांना घेऊन 1857 पासून लढत होता. त्याच्या लोकांशी झालेल्या चकमकीत सिन्नरकडच्या नांदूर शिंगोट्याजवळ नगरचा पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्री ठार झाला होता. जाहीरनाम्यानंतर आणखी एक वर्ष भागोजी लढत राहिला आणि नोव्हेंबर 1859 मध्ये लढतानाच पडला. त्याच्या हिशेबात राणी नव्हतीच.

कुणब्यांच्या हिशेबात मात्र ती लवकरच आली. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगा उठला आणि काही दिवसांत तो पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव उतरला होता, नव्या पाहणीने सारा वाढला होता, आणि सावकाराच्या हातातला रोखा दिवाणी कोर्टात बिनबोभाट हुकूमनाम्यात बदलत होता. कारणे ही, आणि ती सर्वांना ठाऊक आहेत. त्यामानाने दुर्लक्षित राहिली ती त्या दिवसांत नगरकडच्या गावांत फिरलेली एक आवई: सावकाराने बुडवलेल्या एका इंग्रज साहेबाने थेट राणीकडे अर्ज केला आणि मारवाड्यांकडची खते काढून घ्यावीत असा हुकूम राणीने विलायतेहून धाडला. आपण रोखे मागितले तर सरकारी अंमलदार काणाडोळा करतील, अशी समजूत त्यातून गावोगाव झाली. असा हुकूम अर्थातच कुठे नव्हता.

अफवेला एवढे वजन कशाला, असे कुणी म्हणेल. माझे उत्तर दंग्याच्या पद्धतीत आहे. जमाव रोखे, खते, हुकूमनामे मागत होता. ते हाती पडले की फाडून-जाळून तो बहुतेक ठिकाणी परत फिरे. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार तुलनेने थोडे झाले. ज्याला आपण बंड करतो आहोत असे वाटते तो असा वागत नाही, ज्याला आपण वरचा हुकूम बजावतो आहोत असे वाटते तो असा वागतो. मामलेदार सावकाराचा, कोर्ट सावकाराचे, कलेक्टर कागद पाहणारा, असा अनुभव रोजचा होता. या सगळ्यांच्या डोक्यावरचे, कुणी न पाहिलेले आणि म्हणूनच कुणाला विकले न गेलेले एकच माणूस शिल्लक होते, ते म्हणजे राणी. व्हिक्टोरिया नगरला येऊन राहिली असती तर ही आवई पहिल्याच आठवड्यात मेली असती.

ती आली नाही. उतारवयात तिने अब्दुल करीम या मुनशीकडून हिंदुस्थानी गिरवली, पण हिंदुस्थानात पाऊल टाकले नाही. तिचा मुलगा, पुढचा सातवा एडवर्ड, मात्र दंगे शमल्यावर काही महिन्यांतच, नोव्हेंबर 1875 मध्ये मुंबईला उतरला. त्याचे स्वागत, मेजवान्या, शिकारी यांची वर्णने भरपूर आहेत. दंग्यांच्या चौकशीचा आयोग आणि 1879 चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा ही कामे अधिकाऱ्यांची, त्यात राजघराण्याचा हात शोधू नये. मधल्या काळात 1876 चा पाऊस हुकला. नगर-सोलापूरकडे माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत असताना 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत दरबार भरवून राणीला कैसर-इ-हिंद म्हणून जाहीर केले गेले. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला तो या दिवसांचा वारसा; नगरच्या लोकांना त्याचा उपयोग झाला, दरबाराचा काडीचाही नाही. तरी त्याच दरबाराला सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी स्वदेशी जाड्याभरड्या कपड्यांत हजर राहिले आणि सभेने तिथे राजकीय हक्कांची मागणी मांडली. पुढे 1888 मध्ये राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात आला तेव्हा महात्मा फुले शेतकऱ्याच्या पोशाखात त्याच्यासमोर उभे राहिले आणि इथे दागिने घालून बसलेल्यांवरून राणीच्या रयतेची परीक्षा करू नका, अशा अर्थाचे बोलले. पारनेरचा कुणबी आणि पुण्याचे जोतिराव यांनी एकच युक्ती वापरली. एकाने अफवेतून, दुसऱ्याने समोरासमोर, पण दोघांनीही अधिकाऱ्याला ओलांडून राणीला गाठले.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. राजे नुसते नावाचे होते हेच चूक, असा तो आक्षेप. दुसऱ्या चार्ल्सला मुंबई हुंड्यात मिळाली आणि 1668 मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंडांच्या खंडाने कंपनीला देऊन टाकली. तिसऱ्या जॉर्जने 1783 मध्ये स्वतःचे वजन खर्चून फॉक्सचे हिंदुस्थानविषयक विधेयक लॉर्डांच्या सभेत पाडले. 1858 च्या जाहीरनाम्याचा पहिला मसुदा व्हिक्टोरियाला रुचला नाही आणि धर्माबाबतची उदार भाषा तिच्या आग्रहाने आली. हे सगळे खरे आहे, आणि राजा म्हणजे रबरी शिक्का असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावे. पण या तिन्ही गोष्टी समुद्रापलीकडे घडल्या आणि इथे त्या कागदाच्या रूपाने पोचल्या. जाहीरनाम्यातली भाषा राणीची असेल, तिला किंमत आणली ती मात्र इथल्यांनी, पुढची साठ वर्षे प्रत्येक अर्जात ती सरकारच्या तोंडावर मारून. स्वाक्षरी करणारीला त्या वचनाचे काय होईल ते कळले नव्हते.

ही युक्ती कायद्याच्या धारेवर नेऊन ठेवली ती टिळकांनी, आणि तीही नगरमध्ये. 31 मे आणि 1 जून 1916 ला त्यांनी इथे होमरूलवर दोन व्याख्याने दिली. त्याआधी 1 मे रोजी बेळगावला एक झाले होते. त्या दिवसांतल्या त्यांच्या मांडणीचा गाभा असा: बादशहाविरुद्ध आमचे काही नाही; तो निर्गुण ब्रह्मासारखा दूर आहे; तक्रार आहे ती नोकरशाहीविरुद्ध; देव तोच असू द्या, पुजारी बदला. सरकारने या तीन भाषणांवरून वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन मागितले. हायकोर्टात बॅरिस्टर जिना टिळकांच्या बाजूने उभे राहिले आणि नोव्हेंबरात न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी तो हुकूम रद्द केला. टिळकांची राजनिष्ठा खरी होती का, हा वाद मला निरर्थक वाटतो. राजा आणि राज्यकारभार यांच्यामध्ये इंग्रजांच्याच घटनेने फट ठेवली होती. टिळकांनी तीत पाचर मारली. पारनेरचेच सेनापती बापट सातव्या एडवर्डच्या काळात विलायतेला जाऊन बाँबची विद्या घेऊन आले होते. त्यांना अशी फट शोधण्याची गरज वाटली नव्हती, ते तडक देवळावरच निघाले होते.

टिळक नगरमध्ये बोलत होते त्याच वेळी नगरच्या छावणीत जर्मन कैदी डांबलेले होते: व्यापारी, खलाशी, पाद्री. त्यांना कैदेत ठेवणारा पाचवा जॉर्ज कैसर विल्हेल्मचा सख्खा आतेमामेभाऊ, आणि त्याच्या घराण्याचे नाव तेव्हा सॅक्स-कोबर्ग-गोथा. जुलै 1917 मध्ये लोकलाजेस्तव त्याने ते बदलून विंडसर केले. जर्मन नावाच्या राजाच्या हुकमाने जर्मन माणसे भिंगारजवळ कैद, हा विनोद तेव्हा कुणी मोठ्याने केला असता तर खटलाच भरला असता. इंग्रजी अमलात राज्यावर असताना हिंदुस्थानात आलेला हा एकमेव ब्रिटिश राजा. 1911 चा दिल्ली दरबार त्याचा. दहा वर्षांनी त्याचा मुलगा युवराज म्हणून मुंबईला उतरला तेव्हा शहरात बहिष्कार आणि दंगल होती. अर्ज राजाकडे करण्याचे दिवस संपले होते, कारण तोवर गांधींच्या रूपाने दुसरा पत्ता सापडला होता. त्याच राजाच्या अमलात 1926 मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. त्याला नाव मिळाले ते गव्हर्नर विल्सनचे.

सहाव्या जॉर्जच्या नावाने 1942 च्या ऑगस्टात काँग्रेसची कार्यकारिणी नगरच्या किल्ल्यात आली. नेहरू, आझाद, पटेल, पंत, नरेंद्र देव, शंकरराव देव आणि इतर, खटल्याशिवाय जवळजवळ तीन वर्षे. नेहरूंचे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ 1944 मध्ये इथे लिहिले गेले, आझादांचे ‘गुबार-ए-खातिर’ही इथलेच. यापुढचा भाग मात्र पाठ्यपुस्तकांतून जवळपास गळालेला आहे. 15 ऑगस्ट 1947 ला स्वातंत्र्य आले तरी भारत वसाहतीचे स्वराज्य होता, आणि त्या स्वराज्याचा राजा सहावा जॉर्जच होता. सम्राट ही पदवी त्याने 22 जून 1948 ला सोडली, राजेपण 26 जानेवारी 1950 पर्यंत उरले. किल्ल्यातला कैदी त्याच राजाच्या नावाने चालणाऱ्या राज्याचा पंतप्रधान होता.

या अडीच वर्षांत कायद्याने राजा हजर होता, आणि नगरच्या कुणा माणसाला त्याची आठवण काढावीशी वाटली नाही. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला दाखवता येणार नाही. राजाचे नाव कामाचे होते ते खालचा अधिकारी हलवता येत नव्हता म्हणून. मंत्री निवडणुकीत पाडता येईल अशी सोय होताच ते नाव कुणी न मोडता, न जाळता निरुपयोगी झाले. राहिला 1875 चा कर्जाचा प्रश्न. त्याचा धागा 1879 च्या कायद्यातून 1904 च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याकडे आणि तिथून लोणीकडे जातो, जिथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या प्रवरा साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950 च्या डिसेंबरात सुरू झाला. तिथे ऊस घालणाऱ्या सभासदाचे गाऱ्हाणे असेल तर ते वार्षिक सभेत उभे राहून अध्यक्षांसमोर मांडायचे होते.