ऑल्को मागे उरलं

मुंबईहून आलेली गाडी पुण्यात थांबली की विजेचं इंजिन सुटायचं आणि डिझेल लागायचं. बोरघाटात वीज १९३०च्या आगेमागेच आली, पण पुण्यापुढे सोलापूर-मिरजेच्या वाटेवर अनेक दशकं तारच नव्हती. तिथे बहुतेकदा दिसे ते डब्ल्यूडीएम-२: मालगाडी आणि एक्सप्रेस दोन्ही ओढणारं, २,६०० अश्वशक्तीचं, शंभर टनांहून जड धूड. रेल्वेवेडे त्याला नुसतं ‘ऑल्को’ म्हणतात.

ऑल्को ही न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीची कंपनी. तिची ही इंजिनं १९६२ मध्ये भारतात उतरली आणि जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून इथे बांधलेलं पहिलं इंजिन बाहेर पडलं. १९६९ मध्ये ऑल्कोने इंजिनं बांधणं थांबवलं. वाराणसीने थांबवलं नाही. अडीच हजारांहून जास्त डब्ल्यूडीएम-२ रुळांवर आली, त्यातली बहुतेक मूळ कंपनी मिटल्यानंतरची.

डिझेल इंजिन म्हटलं की चाकं डिझेलवर फिरतात असं वाटतं. तसं नाही. सोळा सिलिंडरचं इंजिन जनित्र फिरवतं, त्याची वीज सहा मोटरींना जाते आणि सहा आसांना फिरवतात त्या मोटरी. म्हणजे हे स्वतःचं वीजघर सोबत घेऊन धावणारं विजेचंच इंजिन! ड्रायव्हरच्या हाताशी ताकद वाढवणाऱ्या दांड्याचे आठ टप्पे, म्हणजे नॉच. नॉच झटकन चढवला की डिझेल लगेच वाढतं, पण हवा कोंबणारा टर्बोचार्जर धुराच्या झोतावर फिरत असल्याने त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढ्यात हवा कमी पडते आणि छपरावरून काळाकुट्ट लोट उठतो. फोटो काढणारे त्यासाठी तासन्‌तास थांबत. रुळांलगतच्या घरांत कपडे वाळत घालणाऱ्यांचं मत वेगळं असणार.

ड्रायव्हरचं सुख मात्र बेताचंच. केबिन एका टोकाला, त्यामुळे लांब बाजू पुढे असली की सिग्नल शोधायला बाजूच्या खिडकीतून डोकावायचं.

जुनी इंजिनं मोडीत काढण्याऐवजी पतियाळाच्या कारखान्यात उघडली गेली आणि ३,१०० अश्वशक्तीची होऊन परतली. कारखान्यांचं आणि शेडमधल्या फिटरांचं हे काम ऑल्कोच्या मूळ आराखड्याइतकंच महत्त्वाचं आहे. त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये सलग सुरू झाली तीही डिझेलवर. बोगद्यांतला तो धूर कोकणच्या प्रवाशांना चांगलाच ठाऊक आहे. २०२२ मध्ये तिथे विद्युतीकरण पूर्ण झालं.

त्याआधीच वाराणसीने दोन डिझेल इंजिनांचं रूपांतर करून १०,००० अश्वशक्तीचं विजेचं जोडइंजिन बनवलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला हिरवा झेंडा मिळाला. पुढच्याच वर्षी कारखान्याच्या नावातलं ‘डिझेल’ गेलं आणि तो बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाला. तरी २०२१ मध्ये तिथूनच मोझांबिकला नवी इंजिनं निघाली, ३,००० अश्वशक्तीची. डिझेलची.