पहिल्या पावलाची कळ

वाळूज एमआयडीसीत तिसरी पाळी करून आलेला माणूस सकाळी आठ-नऊला अंथरुणावर पडतो आणि दुपारी तीनच्या सुमारास उठतो. टाच दुखणारा असेल, तर त्याची पहाटेची कळ दुपारी तीनला येते. टाचदुखीवर झोपताना बांधायच्या साधनाला 'नाइट स्प्लिंट' म्हणतात. या माणसाच्या बाबतीत ते नावच चुकीचं, कारण त्याने तो भर दिवसा, खिडकीला चादर लावून, बांधायचा असतो.

दुखणं ओळखायला सोपं आहे. अंथरुणावरून उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेच्या आतल्या बाजूला खिळा घुसल्यासारखं होतं. भिंत धरत मोरीपर्यंत गेलं की जरा मोकळं वाटतं. कंपनीच्या बसमधून उतरताना तेच, कॅन्टीनमध्ये जेवून उठताना तेच. पाळी संपत आली की पुन्हा ठणका. डॉक्टर याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. आयुर्वेदातलं 'वातकंटक' हे नाव मला जास्त पटतं, त्यात तो काटा तरी आहे.

हे कशाने होतं, ते वाळूजमध्ये सहज दिसतं. बजाज ऑटोचा कारखाना इथे 1985 मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरीच्या खोल्या भरत गेल्या. लाइनवरची कामं बहुतेक उभ्याची, खाली काँक्रीट, पायात कडक सेफ्टी शूज. घरी यावं तर अनवाणी, थेट फरशीवर. आषाढीला शहरातून नगर रोडने वाळूजच्या छोट्या पंढरपूरला चालत येणाऱ्यांतही, वर्षभर न चालता एका दिवसात एवढं अंतर तोडणारे असतात. सवय नसताना अचानक पडलेला भार टाचेला सोसत नाही.

आत नेमकं काय होतं, ते स्वतःच्या पायावर पाहता येतं. खाली बसा, एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि अंगठा नडगीच्या दिशेने मागे ओढा. दुसऱ्या हाताच्या बोटांनी तळवा चाचपला तर मधोमध एक ताठ दोरी लागेल. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला हा चिवट पडदा पायाची कमान तोलून धरतो. चालताना टाच उचलली की बोटं मागे वाकतात आणि विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळावा तसा हा पडदा त्यांच्या मुळाशी गुंडाळून ताणला जातो. जे. एच. हिक्स यांनी 1954 मध्ये ही क्रिया मांडली आणि तिला रहाटाच्याच भाईबंदाचं, विंडलासचं, नाव दिलं. रोज हजारो वेळा ताण बसून पडदा टाचेला चिकटलेला असतो तिथे झिजतो, बारीक फाटतो. एक्स-रेत दिसणारं 'वाढलेलं हाड' मात्र उगाच बदनाम झालंय. टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही ते असतं.

आता झोपेकडे येऊ. झोपलेल्या माणसाचं पाऊल बघा, बोटं खाली झुकलेली असतात आणि वर गोधडी असली तर आणखी झुकतात. पोटरी आणि तळव्याचा पडदा दोन्ही सहा-सात तास आखडून राहतात. दुखरी जागा त्या आखडलेल्या अवस्थेतच सांधू लागते आणि उठल्यावर सगळं वजन पडलं की तो ताजा सांधा ताणला जातो, असं मानलं जातं. स्प्लिंटचं काम एवढंच की झोपेत पाऊल खाली झुकू द्यायचं नाही. नडगी आणि पाऊल काटकोनात, किंवा बोटं त्याहून पाचेक अंश वर.

बाजारात तीन तऱ्हा मिळतात. पहिला बुटासारखा, मागून प्लॅस्टिकचं कवच आणि पुढून वेलक्रोचे पट्टे. पकड सगळ्यात चांगली, पण अवजड. दुसरा पायाच्या वरच्या बाजूने बसतो. तळवा मोकळा राहतो, म्हणून कमी उकडतं. तिसरा गुडघ्यापर्यंतचा मोजा, त्याच्या बोटांकडचा पट्टा वर ओढून गुडघ्याखाली अडकवायचा. तो मऊ असतो, पण जास्त ओढला तर सगळा ताण बोटांवर येतो. पत्र्याच्या खोलीत मे महिना काढायचा असेल तर मी दुसऱ्या तऱ्हेचा घ्यायला सांगेन. पकड थोडी कमी असली तरी चालेल, कारण उकाड्याने रात्री एकला काढून फेकलेल्या भारी स्प्लिंटचा उपयोग शून्य.

बुटासारखा बांधताना क्रम महत्त्वाचा. आत सुती मोजा घाला. पलंगाच्या कडेवर बसून टाच कवचाच्या पार मागे टेकवा. आधी घोट्यावरचा पट्टा लावा, म्हणजे टाच पुढे सरकणार नाही. मग नडगीचा आणि शेवटी बोटांजवळचा. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. पहिल्या आठवड्यात काटकोनाच्या पुढे जाऊच नका. कोन वाढवायची पाचर किंवा बाजूचे पट्टे सोबत येतात, पण हौसेने पहिल्याच रात्री ते आवळणारे दुसऱ्या रात्री स्प्लिंट माळ्यावर टाकतात. पोटरीत ओढ जाणवावी, दुखू नये. मुंग्या आल्या, बोटं गार किंवा निळसर पडली तर लगेच सैल करा.

सवय लावायला पहिले दोन-तीन दिवस संध्याकाळी मालिका बघताना तासभर घाला, मग झोपेत. मध्येच काढावा लागला तर वाईट वाटून घेऊ नका, चार तास झाले तरी चार तास झाले. तो घालून चालायचं मात्र नाही. चाळीतल्या खोल्यांत संडास बाहेर असतो आणि ओल्या फरशीवर प्लॅस्टिकचा तळ सर्रकन घसरतो. वेळ लागला तरी आधी काढा, मग उठा. पालथं झोपणाऱ्यांनी पाऊल गादीच्या कडेबाहेर राहू द्यावं. दोन्ही टाचा दुखत असतील तर जास्त दुखरी आधी. दोन्ही पायांत घालून झोप लागलेला माणूस मला अजून भेटायचाय.

वॅप्नर आणि शार्की या डॉक्टरांनी 1991 मध्ये, बाकी उपायांना दाद न देणाऱ्या 14 रुग्णांना पाच अंश वर धरणारा स्प्लिंट दिला आणि 11 जणांचं दुखणं चार महिन्यांच्या आत गेलं. अभ्यास छोटा होता, तुलनेला दुसरा गट नव्हता. पुढच्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत, काहींत फायदा दिसला, काहींत फारसा नाही. म्हणून माझं मत असं, की ज्याचं महिनोन् महिने दुखतंय आणि पहिल्या पावलाची कळ हीच मुख्य तक्रार आहे, त्याने स्प्लिंट घ्यावा. आठ दिवसांपूर्वी दुखायला लागलेल्याने आधी व्यायाम करून बघावा.

आणि व्यायाम स्प्लिंटवाल्यालाही सुटत नाही. उठण्याआधी, पाय जमिनीला लागायच्या आत, तळवा चाचपताना केलं तसं अंगठा व बोटं मागे ओढून दहा आकड्यांपर्यंत धरा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला. घरातही मऊ तळाची चप्पल घाला. आमच्याकडे तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकतात. शेकल्याने बरं वाटतं, त्यात वावगं नाही, पण रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. 'एक इंजेक्शन टोचलं की झालं' असं म्हणणारे भेटतील. स्टेरॉइडने काही आठवडे आराम पडतो, पण वारंवार घेतल्यास पडदा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो.

मधुमेहाने तळवे बधिर झालेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्प्लिंट बांधू नये. पट्टा घासून फोड आला तरी त्याला कळणार नाही. पडून असतानाही टाच ठणकत असेल, सूज किंवा ताप असेल, मुंग्या येत असतील तर हे दुखणं वेगळं असू शकतं. तरुण वय, दोन्ही टाचा आणि सकाळी ताठणारी कंबर असं एकत्र आलं, तर ते संधिवाताच्या एका प्रकाराचंही लक्षण असतं. अशांनी घाटी किंवा कामगार विम्याच्या रुग्णालयात आधी दाखवून घ्यावं.

गुण यायला एक ते तीन महिने धरा. पहिलं पाऊल सलग दोन आठवडे बिनकळीचं पडलं की एक दिवसाआड बांधा, मग सोडा. एव्हाना वेलक्रोत गोधडीचे दोरे आणि केस अडकून त्याची पकड गेलेली असते. जुन्या टूथब्रशने ते खरवडून काढा, आतलं कापड धुऊन सावलीत वाळवा आणि स्प्लिंट पलंगाखाली ठेवून द्या, आषाढीला चालायचं असेल तर पुन्हा लागू शकतो.