खरं की खोटं, याच्या पलीकडे

अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाविषयी लिहिणाऱ्यांचे दीर्घकाळ दोनच तट होते. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरचा मजकूर जोसेफ स्मिथने दैवी साहाय्याने भाषांतरित करून 1830 मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापलं, ही अनुयायांची श्रद्धा. तो भोंदू होता, हा विरोधकांचा निकाल. पण 1844 मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथला ठार केल्यावरही पंथ संपला नाही. ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग हजारो माणसं मैदानं आणि डोंगर ओलांडून सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आली, कालवे खोदून शेती करू लागली. ती कशाच्या बळावर आली, हे भोंदूपणाचा निवाडा करून कळत नाही. त्यासाठी प्रश्नच बदलावा लागतो, आणि पंथाबाहेरच्या अभ्यासकांचं खरं मोल मला त्या बदलात दिसतं.

गोव्याच्या प्रवासावर पुस्तक लिहिणारा रिचर्ड बर्टन 1860 मध्ये सॉल्ट लेक सिटीत गेला आणि उपहास टाळून त्याने तिथलं बहुपत्नीत्व टिपलं. प्राचीन इतिहासाचे जर्मन पंडित एडुआर्ड मायर यांना इथे धर्माचा जन्म कागदोपत्री तपासता येईल असं वाटलं. त्यांचा ग्रंथ 1912 चा. पण खरा पालट घडवला तो मेथडिस्ट असलेल्या जॅन शिप्स यांनी. ज्यू परंपरेतून जसा ख्रिस्ती धर्म निघाला तशी ख्रिस्ती धर्मातून ही नवी परंपरा निघाली, असं त्यांनी 1985 च्या पुस्तकात मांडलं. त्यांच्या मते मॉर्मन लोक बायबलमधली कथा नुसती वाचत नव्हते, ती पुन्हा जगत होते: देशांतर, मंदिर, वचनदत्त भूमी, अब्राहमसारख्या पूर्वजांचं बहुपत्नीत्वही. शेजाऱ्यांना जी निव्वळ वासना वाटली तिचा धार्मिक अर्थ असा उलगडतो. 1890 मध्ये चर्चने नवे बहुपत्नी विवाह थांबवायची घोषणा केली. मग वेगळेपण जपण्याचा भार समूहाकडून व्यक्तीवर आला. चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य मानण्याला पुढे इतकं महत्त्व का आलं, तेही यातून समजतं.

सत्यासत्य बाजूला ठेवणं म्हणजे चर्चला मोकळं सोडणं, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. देवदूत आला का, हे इतिहासाच्या साधनांनी ठरत नाही. 11 सप्टेंबर 1857 रोजी युटातल्या माउंटन मेडोज इथे सुमारे 120 प्रवाशांची कत्तल कोणी केली, हे ठरतं, आणि ते ठरवायलाच हवं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बाहेरच्यांनाच एवढं मोल का द्यावं? बरीच वर्षं पाय्यूट आदिवासींच्या माथी मारलेल्या या कत्तलीतली स्थानिक मॉर्मन पुढाऱ्यांची जबाबदारी 1950 मध्ये पुराव्यानिशी मांडली ती जुआनिता ब्रुक्स यांनी, आणि त्या स्वतः मॉर्मन होत्या. म्हणजे सचोटी ही बाहेरच्यांची मक्तेदारी नाही. अचूकताही नाही: समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी 1984 मध्ये 2080 पर्यंत अनुयायी साडेसव्वीस कोटींवर जाऊ शकतील असा अंदाज दिला होता, आज चर्चची स्वतःची गणती पावणेदोन कोटींच्या आसपास आहे. आपण ख्रिस्तीच आहोत असं मानणाऱ्या बहुतेक मॉर्मनांना शिप्स यांचा ‘नवी परंपरा’ हा निष्कर्षही मान्य नाही, तरी मॉर्मन इतिहासकारांनी त्यांना आपल्या संघटनेचं अध्यक्षपद दिलं. या विषयात शिरू पाहणाऱ्या वाचकाने ब्रुक्स आणि शिप्स या दोघींना जोडीने वाचावं.