बाजारातून गाभण कालवड घ्यावी की घरचीच वाढवावी?

दूध धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधीतरी पडतोच. गोठ्यातल्या दोन गाया उतरतीला लागल्या, त्यांच्या जागी काष्टी, लोणी किंवा सांगोल्याच्या बाजारातून गाभण कालवडी आणल्या तर परवडेल का?

आधी फायद्याचं बोलू. घरची संकरित कालवड पहिल्यांदा व्यायला साधारण अडीच वर्षं जातात, म्हणजे ९०० दिवस. रोजचा खर्च सरासरी ७० रुपये धरला तरी ६३,००० झाले, आणि तोवर दूध शून्य. बाजारातली सात महिन्यांची गाभण कालवड समजा ७०,००० ला मिळाली. सात हजार जास्त गेले, पण दोन-अडीच महिन्यांत दूध सुरू. कागदावर सौदा झकास दिसतो.

पण चांगली गाभण कालवड समोरचा विकतोय कशाला? चारा संपला, घरात लग्न आहे, अशी खरी कारणं असतात. पण एकदा गाभडलेली, एक सड बंद असलेली, किंवा गाभण नसलेलीही त्याच रांगेत उभी असते, आणि 'सात महिन्यांची आहे' हा नुसता तोंडचा शब्द असतो. आता हिशोब पुन्हा करा. पाच कालवडी घेतल्या, एक रिकामी निघाली, ती ४०,००० ला विकली. ३०,००० चा तोटा चौघींवर वाटला की प्रत्येकी ७,५०० वाढले. म्हणजे सात हजारांचा फरक साडेचौदा हजारांवर गेला. माझ्या मते वाचलेल्या वेळेसाठी एवढंही चालेल.

न चालणारी गोष्ट वेगळीच आहे: ब्रुसेलोसिस, म्हणजे संसर्गजन्य गर्भपात. जनावर दिसायला ठणठणीत असतं, शेवटच्या महिन्यांत गाभडतं आणि रोग गोठ्यात सोडतं. गायीवर याचा व्यवहार्य इलाज नाही. शिवाय तो माणसालाही होतो, कच्च्या दुधातून आणि वार हाताळताना. इथे ३०,००० नाही, अख्खा गोठा पणाला लागतो.

म्हणून विसार थोडाच द्या. डॉक्टरांनी गाभण तपासल्यावर बाकीचे पैसे, ही बोली आधीच करा. विकणारा याला नाही म्हणाला तर पुढच्या दावणीकडे चला! चारही सड स्वतः दाबून बघा, दात बघा, कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर पावतीवर लिहून घ्या. ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यातून मिळत असेल तर मी पाच हजार जास्त देईन, कारण तिथे तिची आई आणि आईचं दूध दोन्ही बघायला मिळतं.

घरी आणल्यावर किमान २१ दिवस वेगळी बांधा. तिचं चारा-पाणी सगळ्यात शेवटी करा. रक्ततपासणी लगेच करा, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. गाभणपणात लपलेला ब्रुसेलोसिस कधी कधी व्याल्यानंतरच तपासणीत सापडतो, म्हणून तेव्हा पुन्हा रक्त द्या. आणि दोन्ही वेळचा अहवाल चांगला आला तरी वार उघड्या हातानं उचलायची नाही.